बिनदुधाचं अंडं

आजोबांनी खिशातून भिंग काढलं आणि चॉकलेटच्या दुकानातली माणसं आपोआप दोन पावलं मागं सरली. दुकानवाल्या ताईंनी न सांगताच स्टूल आणून ठेवलं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ते स्टूल आजोबांचं.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलेला माणूस. त्यांच्या भिंगाखालून मुंगी गेली, तर पाय मोजल्याशिवाय तिला सोडत नसत म्हणे. निवृत्त झाले तरी वाचायची खोड काही गेली नाही. बसच्या तिकिटाची मागची बाजू वाचायचे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचायचे, तोही ठणठणीत असताना. कपाटात अंथरलेले जुने पेपरसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटले नव्हते. पण घरात आता त्यांना कुणी काही वाचायला देईना. सगळं फोनवर आलं होतं. उरलं होतं ते हे एवढंच काम, घरच्यांसाठी चॉकलेटची अंडी निवडायचं.

आणि घर म्हणजे काय, एकाचं खाणं दुसऱ्याला चालेल तर शपथ! आजीला साखर बंद. आत्या प्राण्यांकडून आलेलं काही खात नाही. मधाचं नाव काढलं तर मधमाशीची बाजू घेऊन भांडते. काकांच्या पोटाला गव्हाचा कण सोसत नाही. पावाच्या दुकानासमोरून ते श्वास धरून पळतात, आणि एकदा तर तसेच पळत स्टेशनापर्यंत गेले होते.

पण ही मोठी माणसं. आपापलं वाचतील, नाहीतर आपापलं भोगतील. आजोबांचा जीव होता तो अकरा वर्षांच्या नातीत, टिकलीत. पाच वर्षांची असताना एक साधं बिस्किट खाऊन पोर निळी पडली होती. बिस्किटात दूध होतं, आणि पुडक्यावरचं कुणी वाचलं नव्हतं. तेव्हापासून आजोबांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय टिकलीच्या तोंडात काही गेलं नाही.

गेलं नाही, असं आजोबा म्हणायचे.

खरी गोष्ट अशी, की टिकली दोन वर्षांपूर्वीच बरी झाली होती. आता काहीही खाऊ द्या, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. तो कागद मायलेकींनी दडवून टाकला. आजोबांना कळलं तर त्यांनी करायचं काय? तेव्हापासून टिकली आईस्क्रीम खायची ते शाळेजवळ, आणि घराच्या पायरीवर तोंड पुसून मगच आत शिरायची. बाकी सगळं जमत होतं. ईस्टरचं अंडं तेवढं जमत नव्हतं. बिनदुधाचं अंडं म्हणजे मेणबत्ती चावावी, तशी चव. आणि समोरच्या फळीवर सोनेरी कागदातलं, नारळाएवढं, दुधाचं अंडं दरवर्षी तिच्याकडे बघत बसायचं.

यंदा सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. "मी बरी झालेय." तीन शब्द. रस्ताभर तिनं ते घोकले होते.

"आजोबा, मी—"

"आजोबा, जरा बघता?" कडेवर बाळ घेतलेली एक बाई मध्येच घुसली. "याला बदाम चालत नाही."

आजोबांनी खोकं फिरवलं. तळाशी, झुरळाच्या मिशीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. "बदामाच्याच यंत्रावर बनवलंय. ठेवा परत. ते निळं घ्या." बाईनं बाळाला आवळून धरलं. आजोबा स्टुलावर वीतभर उंच झाले.

टिकलीनं तीन शब्द गिळले.

मग आजीचं बिनसाखरेचं निवडून झालं, आत्याचं झालं, काकांचं झालं. आणि आजोबांनी हात लांब केला तो थेट सोनेरी कागदाकडे. भिंग लावलं. खणखणीत आवाजात वाचलं, "कोको, साखर, व्हॅनिला. दूध नाही. घे टिकले, हे तुझं."

टिकलीनं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. 'दूध पावडर'. तेही जाड ठशात.

चाळीस वर्षांत न झालेली चूक! तिनं घाईघाईनं बाकीची तीन खोकी तपासली. ती बरोबर होती. चुकलं होतं फक्त तिचं. आता बोलावं, तर दुकानभर माणसांसमोर आजोबांचं नाक कापलं जाणार. न बोलावं, तर नारळाएवढं अंडं हातात.

"अहो आजोबा, याच्यात तर—" दुकानवाल्या ताई पुढं झाल्या.

टिकली गल्ल्यावर जवळजवळ चढलीच. "ताई, मला चालतं आता," ती कुजबुजली. "दोन वर्षं झाली. पण त्यांना नका ना सांगू!"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. आजोबा भिंग पुसून डबीत ठेवत होते. ताईंनी गुपचूप अंड्याला फीत बांधली.

दुकानासमोरच्या बाकावर आजोबा-नात बसली. टिकलीनं कागद सोलला आणि तुकडा तोंडात टाकला. दरवर्षीसारखं मेणबत्तीचं तोंड करायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण तोंड ऐकेचना. ते आपलं विरघळत, हसत सुटलं.

"कसं आहे?" आजोबांनी विचारलं.

"नेहमीसारखंच."

आजोबांनी रुमालानं तिची हनुवटी पुसली. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "कपाटात चादरींखाली अंथरलेल्या पेपरातली एक बातमी माझी अर्धी राहिली होती. ती वाचायला गेलो, तर डॉक्टरांचा कागद हाती लागला. झाली त्याला दोन वर्षं. गप्प बसलो, टिकले. म्हटलं, मला कामावरून काढशील."