महारुद्र मिस्त्रीचा कान

“ती नळी आधी काढा, मिस्त्री,” गोविंदराव म्हणाले. “सलाईन पेशंटला लावतात. आम्ही परभणीहून इथवर तुमच्या कानासाठी आलोय.”

 ताडकळसच्या बाजारातलं महारुद्र मिस्त्रीचं दुकान तीस वर्षं त्या एका कानावर चाललं होतं. जुन्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलीला दोन कार्बोरेटर असतात. दोघांनी सारखा श्वास घेतला नाही तर गाडी नुसती कण्हते. महारुद्र रबरी पाइपचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचा, दुसरं कानात घालायचा आणि डोळे मिटून स्क्रू फिरवायचा. पार सोनपेठहून शौकीन यायचे.

त्याच कानाला दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. दुसराही त्याच वाटेवर होता. माणसं मोठ्यानं बोलतात म्हणून निभत होतं. कार्बोरेटर काही मोठ्यानं बोलत नाही. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, सुलाबाईला. कानाला मशीन लावा, असं ती दहादा म्हणाली. मिस्त्रीचं एकच उत्तर. गिऱ्हाइकाला मशीन दिसलं की दुकानाला कुलूप.

म्हणून कानाऐवजी गाडीलाच मशीन लावायचं ठरलं. स्थळं बघावीत तशी त्यानं दोन महिने उपकरणं पाहिली. एक होतं दोन तबकड्यांचं, ऐटदार. पण त्याच्या दोन्ही तबकड्या एकाच कार्बोरेटरला लावल्या तरी काटे वेगवेगळं सांगायचे. दुसऱ्यात काचेच्या नळीत गोळी वर-खाली व्हायची. ते बरोबर मोजायचं, पण डोळ्यांसमोर धरावं लागे. मिस्त्रीला असं उपकरण हवं होतं, जे मोजेल अचूक आणि दिसणार कुणालाच नाही. शेवटी त्यानं मेडिकलमधून सलाईनची नळी आणली. तिच्यात थोडं ऑइल भरलं आणि दोन टोकं दोन कार्बोरेटरला जोडली. दोन्हीकडं ऑइल एका रेषेत आलं की काम झालं. नळी पेट्रोलच्या टाकीआडून सोडता येत होती. कुणाला दिसणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

नळी जोडून गाडी चालू करताच ती गोविंदरावांना दिसली.

गोविंदराव कचेरीतून निवृत्त झालेले आणि जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. सोबत सचिव व्यंकटराव, आणि पदाशिवाय कुणी राहू नये म्हणून उपाध्यक्ष योगीराज. रविवारी परभणीत मंडळाची फेरी निघायची होती. सगळ्यात पुढं अध्यक्षांची ही गाडी.

“ही सुरात लागली तर मंडळाच्या बावीसही गाड्या तुमच्याकडं,” व्यंकटराव म्हणाले. “नाही तर आम्हाला नांदेडला बघावं लागेल.”

मिस्त्रीनं नळी काढली. काढता काढता एक नजर टाकली. दोन्हीकडच्या ऑइलमध्ये चांगलं चार बोटं अंतर होतं. डावं कार्बोरेटर मागं आहे एवढं कळलं, पण स्क्रू किती फिरवायचा ते आता सांगायला कुणी नव्हतं.

योगीराजनं शेजारच्या भेळवाल्याला स्पीकर बंद करायला लावला आणि मोबाईल वर धरला. मिस्त्रीनं पाइप कानात घातला. आत काहीच नव्हतं. त्यानं स्क्रू अर्धा आटा पुढं घेतला. आणखी बिघडेल या भीतीनं मागं घेतला. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. स्क्रू होता तिथंच येऊन थांबला. आता आपलं पितळ उघडं पडणार, त्यापेक्षा आपणच सांगून टाकावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

“अध्यक्षसाहेब, एक बोलायचं होतं.”

“आत्ता काही बोलू नका,” गोविंदराव डोळे मिटून म्हणाले. “ऐका, व्यंकटराव. दोन्ही सिलिंडर कसे एका सुरात आले.”

“तंबोरा लागल्यावाणी,” व्यंकटराव म्हणाले. योगीराजला तर मघाच्या आणि आताच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक जाणवला, आणि तसं लिहून त्यानं व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. मग पिशवीतून शाल-श्रीफळ निघालं. मंडळ ते कायम सोबत बाळगायचं. मिस्त्रीच्या खांद्यावर शाल पडली, फोटो झाला, आणि तिन्ही पदाधिकारी समोरच्या हाटेलात चहाला गेले. गाडी स्टँडवर चालूच होती.

पंक्चरच्या टबापाशी बसलेली सुलाबाई उठून जवळ आली आणि नवऱ्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाली, “सत्कार कशाचा झाला? डावं अजून मागंच पडायलंय.”

“तुला कसं कळलं?”

“कसं म्हंजे? ऐकू यायलंय की. तीस वर्सं हितं बसून दुसरं काय ऐकलं मी?”

 मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. त्यानं पाइप तिच्यापुढं धरला. तिनं तो बाजूला सारला.

“त्याची काय गरज न्हाई. तुमी स्क्रू फिरवा.”

त्यानं फिरवला. “अजून,” ती म्हणाली. “लय झालं. जरा मागं. बास.” खातरजमा म्हणून मिस्त्रीनं नळी जोडून पाहिली. दोन्हीकडचं ऑइल एका रेषेत उभं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

समोर हाटेलात अध्यक्ष मालकाला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवत होते आणि कोणत्या क्षणी आवाज पालटला तिथं बोट ठेवत होते.

“जाऊन सांगू का,” सुलाबाईनं विचारलं, “गाडी खरी आत्ता लागली म्हणून?”

“कशाला?” मिस्त्री म्हणाला. “त्यांला ऐकू येत न्हाई.”