रिकामा डबा

"मी मेल्यावर तुला मिळाल्या, तर निम्म्या आठवणी सरकार करापोटी कापून घेतं. तुझे बाबा अर्धे कशाला करायचे?" असं म्हणत कुमुदिनीबाईंनी नवऱ्याच्या साऱ्या आठवणी जिवंतपणीच लेकीला, हर्षदाला, बक्षीस दिल्या. दिलेली आठवण देणाऱ्याकडे उरत नसे.

आठवणी काढून देणारं यंत्र थांबलं. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघत त्यांनी विचारलं, "माझ्याशेजारी हा बुटका माणूस कोण गं?"

हर्षदाने आईकडे पाहिलं. या बाईने शेजाऱ्यांचा डबासुद्धा कधी रिकामा परत पाठवला नव्हता.

तिने आईच्या डोक्यावरची देणाऱ्याची टोपी काढून आपल्या डोक्यावर चढवली आणि बालवाडीच्या फाटकाशी आपल्याला न्यायला आलेले बाबा आईला देऊन टाकले.

कुमुदिनीबाईंचे डोळे भरून आले.

"अगं, केवढे उंच होते हे!"