मारफील्डचे अकरा डबे

नॉर्मननं ब्रशचे केस कापून दोनच शिल्लक ठेवले होते. त्या दोन केसांनी तो काड्यापेटीएवढ्या मालडब्यावर 'मारफील्ड' लिहीत होता. हा अकरावा डबा.

"जरा ठळक काढ की," क्लाइव्ह ऑर्मरॉड त्याच्या खांद्यावरून म्हणाला. "लोकांना दिसायला नको?"

"यार्डातला माणूस डबा कुठे जायचा ते पावसात एका हातात कंदील धरून खडूनं लिहायचा. ठळक कुठून येणार?"

"बरं बाबा. खडूतलं तुला कळतं."

ऑर्मरॉड रेल्वेचे छोटे नमुने बनवणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. गावातल्या हेलबेक रेल्वे यार्डाचा हा टेबलभर नमुना त्याचा. रूळ त्याचे, शेड त्याची, कोळशाचा ढीगसुद्धा त्याचा. फक्त डब्यांवरचा खडू नॉर्मनचा. खरा खडू इतका बारीक उतरत नाही. नॉर्मन पांढरा रंग पातळ करायचा, आणि वाळता वाळता त्यावर ओल्या कापसाचा एक फटका मारायचा, की झाला पाऊस. बघणारे डब्याला बोट लावायचे आणि बोट पांढरं झालं का ते बघायचे. चार वर्षं प्रदर्शनाचा चषक ऑर्मरॉडकडे गेला. चारही भाषणांत त्यानं बायकोचे आभार मानले, एकदा कुत्र्याचेही मानले. नॉर्मनचं नाव काही त्याच्या तोंडी आलं नाही.

डोरीन चहा घेऊन आली. ती नॉर्मनच्या भावाची, ॲल्फची बायको. मेथडिस्ट चर्चच्या सभागृहातल्या प्रदर्शनाचा चहा दर वर्षी तिच्याकडेच असे. ऑर्मरॉड पलीकडे गेल्यावर ती डब्यावर वाकली आणि चष्मा नीट करून तिनं नावाखालची बारीक तारीख वाचली.

"सात जून?"

"हं."

"संपातली? ॲल्फची तारीख तू या खेळण्यावर घातलीस?"

नॉर्मन ब्रश धूत राहिला.

चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या रेल्वे संपात हेलबेक यार्डात एक चाक हललं नव्हतं, हे गावातलं पोरही सांगेल. हललं ते एकदाच. ब्रेक सुटून उभे डबे आपोआप घरंगळले आणि फाटकावर पहारा देणाऱ्या संपकरी सहकाऱ्यांना सँडविच द्यायला रूळ ओलांडणारा ॲल्फ त्यांच्याखाली सापडून मेला. चौकशीत असंच ठरलं; डब्यांवर काय लिहिलंय ते कोणी बघायच्या आत पावसानं खडू धुऊन नेला होता. नॉर्मननं तेव्हा काही वाद घातला नाही.

"परीक्षक कोण आहे या वेळी?" डोरीननं विचारलं.

"हॅरोल्ड टनिक्लिफ. चाळीस वर्षं यार्डात होता. भिंग घेऊन येतो म्हणे."

"म्हणजे तारीख वाचणार, आणि त्या दिवशी गाडीच नव्हती म्हणून क्लाइव्हला सगळ्यांसमोर सोलणार." ती हसली नाही. "चषकासाठी ॲल्फला कशाला ओढलंस, नॉर्मन?"

"आज एक माणूस इथून मान खाली घालून जाईल. तेवढं बघ आणि मग मला बोल."

डोरीननं ऑर्मरॉडकडे पाहिलं. तो नवा टाय सारखा करत होता. तिला क्षणभर त्याची दयाच आली.

हॅरोल्ड टनिक्लिफ अकराला आला. सत्तरी उलटलेला, बूट आरशासारखे. पहिल्या तीन टेबलांवर त्यानं कोणाला सोडलं नाही. एका सिग्नलची शिडी उलटी निघाली, एका इंजिनाचा दिवा चुकीच्या बाजूला. "चूक ती चूक," तो प्रत्येकाला सांगायचा. "चूक दिसली की मला घास गिळवत नाही."

हेलबेकपाशी तो थबकला. भिंग काढलं. पहिला डबा, दुसरा, तिसरा. ओठ हलवत त्यानं अकराही डबे वाचले. ऑर्मरॉडही त्याच्याबरोबर वाकला, आणि आपल्याच डब्यांवरची तारीख त्यानं तेव्हा पहिल्यांदा वाचली.

"अरे देवा," ऑर्मरॉड पुटपुटला. "नॉर्मन, हे काय करून ठेवलंस? साहेब, माफ करा. त्या दिवशी संप होता. गाडी लागलीच नव्हती. हवे तेवढे गुण कापा, पण हे माझं काम नाही. खडू सगळा नॉर्मनचा."

चार वर्षांत पहिल्यांदा नॉर्मनचं नाव घेतलं गेलं. नॉर्मननं तिकडे लक्षही दिलं नाही. तो भिंगाकडे बघत होता.

"तारखेचं राहू द्या हो," हॅरोल्ड त्रासून म्हणाला. त्याचं बोट त्या अक्षरांवरून हलत नव्हतं. "अक्षर झकास आहे. पाऊसही बरोबर. पण ठिकाण साफ चुकलंय. मारफील्ड कुठलं? हे अकरा डबे थॉर्नलीला जायचे होते. सिमेंटच्या कारखान्याला. अकराच्या अकरांवर थॉर्नलीच लिहिलं होतं, डाव्या कोपऱ्यात, आणि…"

तो थांबला. भिंग अजून डब्यावरच होतं.

डोरीनच्या हातातली किटली टेबलावर टेकली. ऑर्मरॉडला काही कळलं नव्हतं. तो एकदा नॉर्मनच्या तोंडाकडे बघत होता, एकदा हॅरोल्डच्या.

"मारफील्ड मी असंच ठोकून दिलं होतं, हॅरोल्ड," नॉर्मन म्हणाला. "डबे कुठे निघाले होते, ते त्या दिवशी संप मोडून चोरून डबे ढकलणाऱ्यालाच माहीत असणार."