अर्ध्या घराचा रंग

"लाल विटेवर सगळ्यात वाईट कुठला रंग दिसतो?" तिनं विचारलं.

दुकानदाराला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. आजवर लोक त्याला शोभणारा रंग विचारत आले होते. त्यानं सवयीनं सुरुवात केली, की उघड्या विटांचं घर असेल तर दारं-खिडक्यांना मलई रंग द्यावा, नाहीतर गडद करडा, फारच हौस असेल तर बाटलीसारखा हिरवा...

"शोभणारा नको. डोळ्यांत खुपणारा हवा. आणि स्वस्तातला."

दुकानदारानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि काउंटरखालून दोन डबे वर काढले. कुणीतरी मुद्दाम बनवून घेतलेला रंग होता, आणि पाहिल्याबरोबर परत आणून टाकलेला. झाकण उघडलं तेव्हा तिनंही डोळे बारीक केले. खोकल्याच्या औषधासारखा जांभळट गुलाबी.

"निम्म्या किमतीत न्या. पण ताई, एकदा बसला की खरवडल्याशिवाय निघायचा नाही."

"काढायचाय कुणाला?" ती म्हणाली.

घर एकच होतं, दोन भावांचं. डावा भाग थोरल्या दिराचा, उजवा तिच्या नवऱ्याचा. नवरा गवंडी, यातली निम्मी वीट त्यानंच लावलेली. तो दवाखान्यात पडलेला असताना दिरानं अंगणात मधोमध भिंत घातली आणि नळ आपल्या बाजूला घेतला. घरी आणलं त्या दिवशी नवरा गाडीतून उतरला, काठी टेकत नेहमीच्या वाटेनं नळाकडे निघाला आणि भिंतीपाशी येऊन थांबला. भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "दादानं चांगली बांधून घेतलीय. ओळंब्यात आहे, अगदी सरळ."

भिंत ती एखादवेळेस विसरली असती. ते वाक्य विसरली नाही.

पुढे दीर आणि जाऊ मुलाकडे राहायला गेले. डाव्या दाराला कुलूप लागलं. आता त्या भागाला गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून दिरानं माणसं लावून आपल्या खिडक्या मलई रंगानं रंगवून घेतल्या. रविवारी घर दाखवायचं होतं.

"आपणही मलईच देऊ," नवरा म्हणाला होता. "घर एकसारखं दिसेल. दादाचं काम होऊन जाईल."

"बघते," ती म्हणाली होती.

पॉलिश पेपरनं लाकूड घासून ती स्वतःच शिडीवर चढली. दाराची चौकट, खिडक्या, छपराखालची लांब पट्टी. पदर खोचून, दात आवळून तिनं ब्रश ओढला. लाल विटेवर तो रंग असा उठला, की रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघायला लागली.

"काय हो, बालवाडी काढताय का?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"हो. म्हाताऱ्यांसाठी."

नवऱ्यानं खुर्ची बाहेर आणून बराच वेळ पाहिलं. "तुला आवडला हा?"

"नाही."



रविवारी ती पुन्हा शिडीवरच होती. दीर गिऱ्हाईक नवरा-बायकोला घेऊन आला. ती बाई गाडीतून उतरली, डावा भाग बघून हसली. मग तिची नजर उजवीकडे गेली आणि हसू पुसलं गेलं.

"रोज येता-जाता हेच दिसणार का?" तिनं आपल्या नवऱ्याला विचारलं.

दीर लगबगीनं शिडीखाली आला. भिंत घातल्यापासून तो पहिल्यांदाच या बाजूला येत होता. "अगं, काय करून ठेवलंस हे? मलई मार, ताबडतोब. खर्च माझा."

"तुमच्या बाजूला तुमची मर्जी, भाऊजी," ती वरूनच म्हणाली. "मध्ये भिंत आहे की."

पाहुण्यांनी आत पाऊलही टाकलं नाही. गाडी वळली आणि गेली. तिच्या पोटात थंडगार पाणी प्यायल्यासारखं झालं.

दीर मात्र जागचा हलला नाही. ती वाट बघत होती, की तो ओरडेल, शिव्या देईल. तिची उत्तरं तयार होती. तो भिंतीच्या कडेला टेकून बसला.

"मुलगा म्हणतो, महिनाअखेरपर्यंत तुमची सोय बघा," तो हळूच म्हणाला. "हे विकून दोन खोल्या घेणार होतो. आता काय, इथंच येतो आम्ही."

"इथं? राहायला?" खुर्चीतून नवरा म्हणाला. तो काठीशिवाय उठायला बघत होता. "खरंच येतोस, दादा? कधी?"

दवाखान्यातून आल्यापासून नवऱ्याचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. शिडीवरून तो फार स्पष्ट दिसत होता. ब्रशवरून रंग तिच्या मनगटावर ओघळला, तो तिनं पुसला नाही.

दिरानं मान वर केली. त्याचा आवाज आता गोड झाला होता. "मग काय गं, आता तरी बदलशील ना हा रंग? आम्हालाच बघायचाय रोज."

तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे. शिडीला टांगलेला डबा हातात घेऊन तिनं तळापासून ढवळला.

"बदलेन कशी, भाऊजी? हा पहिलाच हात आहे," ती म्हणाली. "दुसरा अजून द्यायचाय."

आणि ती एक पायरी वर चढली.