उभ्याने काम करणाऱ्या बायका

कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बायकांचे गुडघे, हा लेकीच्या कॉलेजातल्या स्पर्धेच्या पोस्टरचा विषय. तो तिला आईवरूनच सुचला होता, कारण आईचा निम्मा जन्म तसल्याच दुकानात गिऱ्हाइकांपुढे उभं राहण्यात गेला होता. आज आई रजा काढून कॉलेजात आली. लेकीने पत्रकं टेबलावर रचली, बॅग खुर्चीत टाकली आणि परीक्षकांची वाट बघू लागली. आई सकाळपासून पोस्टरशेजारी कौतुकाने उभी होती.

परीक्षक बाई येताच लेक आलेखावर बोट ठेवून घडाघडा बोलू लागली. "दुखतं का विचारलं, की सगळ्या एकच सांगतात, सवय झालीय. अहो मॅडम, सवय कसली, गुडघे झिजत असतात त्यांचे! मालकाने नुसती एक खुर्ची दिली, तरी केवढा फरक पडेल."

"काम अगदी चोख आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आईकडे पाहिलं. "आता शेवटचा प्रश्न. या खुर्चीतली बॅग कुणाची?"

लेक बॅग उचलायला वाकली.

आईच घाईघाईने म्हणाली, "राहू द्या हो मॅडम, मला सवय झालीय."