यंत्राने न वाचायच्या ओळी

यार्मोने आईचा लॅपटॉप पालथा घातला आणि तळाचे आठही स्क्रू काढून कॉफीच्या बशीत टाकले.

"अरे, धुतलेली बशी होती ती!" इर्या ओरडली.

"असू दे गं आई. तासाभरात बघ कसा पळतो ते. बारा वर्षांपूर्वी याच्यावर लिनक्स कुणी चढवलं? मी. मग बरं कोण करणार?"

इर्या जमिनीवर बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्या पसरून सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, अंगावर मारायच्या जुड्या बांधत होती. तीन दिवसांवर युहान्नुस आला होता. उन्हाळ्यातल्या या सणाला तळ्याकाठच्या सॉनात सगळं घर एकत्र बसायचं. तिच्यापुढे जुड्या मात्र दोनच होत्या, एक तिची आणि एक यार्मोची. "वेसा येणार असेल तर मी येत नाही," असं यार्मोने यंदाही बजावलं होतं.

वेसा त्याचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि महिन्याभरात वेसाने त्यांची होडी विकून टाकली. विचारलं नाही, का विकली ते सांगितलंही नाही. तेव्हापासून यार्मोने त्याचा फोन उचलला नव्हता. पत्रं यायची, ती तो न फोडता परत पाठवायचा. इर्याला यंदा ऐंशी पुरी होणार होती. दोन्ही लेक पुन्हा एकदा सॉनाच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले बघावेत, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. पण ते तोंडातून काढायची सोय नव्हती. वेसाचं नाव निघालं की यार्मो अर्धी कॉफी टाकून उठायचा.

यार्मोने पंख्यातली धूळ फुंकली. सगळा भुगा नाकात गेला आणि तो सातदा शिंकला. मग स्क्रू परत बसवून लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर खिडकी उघडायला पुरतं मिनिट लागलं. बाण मध्येच थिजे, मग भलतीकडेच उडी मारी.

"म्हातारा झालाय रे तो," इर्या म्हणाली. "टाकून दे आता."

"टाकून दे? हॅट्! दोष यंत्रात नसतो आई, हात लावणाऱ्यात असतो."

त्याने मेमरी तपासली. ठणठणीत. डिस्क तपासली. एक ओरखडा नाही. तापमान बघितलं, तर लॅपटॉप थंडगार. त्याला आता चेव चढला. प्रोसेसरचा वेग काढून बघितला आणि तो खुर्चीतच ताठ झाला. वेग अगदी तळाला बांधून ठेवलेला होता. वर कुठलंतरी फालतू काम दर मिनिटाला सुरू होऊन पडदा अडवून धरत होतं. हे आपोआप होणं शक्य नव्हतं.

"आई, याला कोण चिकटलं होतं? कुठल्या गाढवाने अक्कल पाजळली?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," इर्या म्हणाली आणि सुतळीची गाठ दाताने आवळली.

लॅपटॉप सुरू होताना कायकाय करायचं, त्याची यादी असलेली फाइल यार्मोने उघडली. वेग बांधणारी आणि पडदा अडवणारी, अशा दोन ओळी तळाशी होत्या. आणि त्यांच्या डोक्यावर, पुढे # अशी चौकटीची खूण केलेल्या आणखी तीन. ही खूण असली की यंत्र ती ओळ सोडून देतं. ती माणसाने माणसासाठी लिहिलेली असते.

ही सवय दोघा भावांना बाबांनीच लावली होती. बाबा कागदाच्या गिरणीत वीजतंत्री. तार बदलली की फ्यूजच्या पेटीत चिठ्ठी चिकटवायचे, कोणी, कधी, का. "मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे," म्हणायचे.

यार्मो वाचू लागला.

# वेसा. १४ जून. मीच मंद केलाय. फोन तू उचलत नाहीस, पत्र फोडत नाहीस. पण अडलेलं यंत्र बघून तुला गप्प बसवत नाही.

# होडी बाबांनी विकायला लावली. इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात. तळ कुजला होता. म्हणाले, यार्मोला सांगू नकोस, तो हट्टाने दुरुस्त करील आणि घेऊन तळ्यात जाईल. मी शब्द दिला होता. आज मोडतोय.

# खालच्या दोन ओळी काढ, पळेल.

यार्मोने तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. बाबा अगदी खरं बोलले होते. त्याने ती होडी दुरुस्त केली असती, आणि पहिल्याच वाऱ्याला तिच्यासकट बुडाला असता. त्याला वेसाचा राग आला, बाबांचा आला, आणि सहा वर्षं फोन न उचलणाऱ्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. डोळे भरून आले. धुळीने, असं त्याने स्वतःला सांगितलं.

खालच्या दोन ओळी त्याने पुसल्या. वरच्या तीन तशाच ठेवल्या आणि त्यांच्याखाली चौथी लिहिली.

# यार्मो. १८ जून. वाचलं.

लॅपटॉप बंद करून त्याने परत सुरू केला. बघता बघता पडदा उजळला आणि बाण लोण्यातून फिरावा तसा फिरला.

"झाला?" इर्याने मान वर न करता विचारलं.

"झाला." यार्मोने जुड्या मोजल्या. "आई, जुड्या दोनच बांधल्यास. अजून एक लागेल."

"ती फ्रीजरमध्ये आहे, पानं ताजी राहायला," इर्या म्हणाली. "लॅपटॉप बिघडला त्याच दिवशी बांधून ठेवलीय."