चौसष्ट आवर्तनांनंतर

"नेवेना, हात खिशातून काढ," पाशोव्ह साहेब म्हणाले.

नेवेनाने काढले नाहीत.

सातवीचा संगीताचा तास होता. तपासणीसाठी जिल्ह्याहून आलेले पाशोव्ह साहेब खिडकीशी गुणांची वही उघडून बसले होते. परीक्षा मात्र ग्रोझेवा बाईंची होती आणि बाईंच्या सगळ्या परीक्षांसारखी मुलांचा जीव काढणारी होती. रचेनित्साची कॅसेट लावायची. हे नाचाचं गाणं सात मात्रांचं, दोन, दोन, तीन. दोन पावलं आखूड, एक लांब. पहिली दोन आवर्तनं ऐकवून बाई आवाजाचं बटण शून्यावर नेत. कॅसेट मुकाट फिरत राही. मुलांनी मनात मोजायचं. चौसष्ट आवर्तनं झाली की ढोलावर एकच मोठा ठोका पडतो आणि गाणं संपतं. बरोबर तिथे बटण फिरवायचं. नुसता ठोका ऐकू आला तर सहा गुण, त्याच्या वर गुणच नाहीत.

शब्दार्थांच्या वहीत पहिल्याच पानावर बाईंनी लिहून दिलं होतं: 'विराम म्हणजे न वाजणारी, पण मोजायचीच अशी मात्रा.' मुलांना ते तोंडपाठ होतं. पण शांतता झाली की सगळ्यांनाच घाई सुटते, आणि जो तो लांब पावलाचं शेपूट खातो. आतापर्यंत अकरा जण झाले होते आणि अकराही जण आधीच बटण फिरवून बसले होते. किर्चोने फिरवलं तेव्हा तर गायदाचे, म्हणजे कातडी पिशवीच्या बाजाचे, सूर असे भसकन बाहेर आले की तो स्वतःच दचकला. त्याला चार गुण पडले आणि त्यातच तो खूश होता.

आता नेवेना. तिचे बाबा, स्तोइल ढोलवाले, जाऊन एकोणतीस दिवस झाले होते. त्यांचा फोटो छापलेला काळ्या चौकटीचा कागद अजून शाळेच्या फाटकावर चिकटलेला होता. घरी रेडिओची पिन काढून ठेवली होती. चाळिसाव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने गोड गहू वाटून होईपर्यंत गाणं नाही, नाच नाही, टाळीसुद्धा नाही. गेले चार आठवडे संगीताच्या तासाला ती बाहेर व्हरांड्यात कानात बोटं घालून बसायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे.

त्यातून कॅसेटवरचा ढोल स्तोइलचाच होता. मागच्या पानगळीत याच वर्गात येऊन त्यांनी तो वाजवला होता.

बाईंनी साहेबांना दोन आठवड्यांची मुदत मागून पाहिली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण रिकामा रकाना त्यांना सहन होत नसावा. त्यांनी शांतपणे सांगितलं की संगीत शाळेचे अर्ज आजच जायचे आहेत, आणि परीक्षा दिली नाही तर दोन गुण. दोन म्हणजे नापास. मग नेवेनाचा अर्ज इथेच संपला. आणि त्या शाळेखेरीज नेवेनाला दुसरं काही नको होतं, हे वर्गातल्या बाकांनाही माहीत होतं.

"मी देते परीक्षा," नेवेना म्हणाली. "पण बाई, आवाज सुरुवातीपासूनच शून्यावर ठेवा. ती दोन आवर्तनंही नकोत."

"मग लय कशी कळणार तुला?" साहेबांनी विचारलं.

"बाबांची आहे. मला माहीत आहे."

किर्चो मागून कुजबुजला, "अगं, आधी फिरवलंस तर गायदा वाजेल. घरी काय सांगशील?"

"आधी नाही फिरवणार."

बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी हळूच म्हटलं की बरोबर आलं तरी ढोल कानावर पडणारच आहे.

"एका ठोक्याचं गाणं होत नाही, बाई."

बाईंनी कळ दाबली आणि बोट खाली करून खूण केली. कॅसेटची दोन चाकं फिरू लागली. नेवेना खिडकीबाहेर बघत उभी राहिली. पाय हलला नाही, मान हलली नाही, हात खिशातच. साहेब पेनने गुडघ्यावर मोजत होते, दोन, दोन, तीन. मुलं ओठ हलवत होती. पुढच्या बाकावरच्या दोघी थांबल्या, मग किर्चो थांबला. मग साहेबांचं पेनही थांबलं.

"संपलं," ते म्हणाले.

नेवेना खिडकीबाहेरच बघत होती.

साहेबांनी उसासा टाकून वही पुढे ओढली. बाईंनी मान खाली घातली. त्यांचीही मोजणी केव्हाच संपली होती. साहेबांनी नाव शोधलं, पेन टेकवलं.

नेवेनाने खिशातून उजवा हात काढला आणि बटण फिरवलं.

धम्म.

खिडकीची तावदानं थरथरली. त्याच्या आधी गायदाचा एक सूर नाही, नंतर काही नाही. एकच ठोका, स्तोइलचा, सगळ्या वर्गाच्या छातीत बसलेला. किर्चोचं तोंड उघडंच राहिलं. बाई रडत होत्या आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"आता लिहा, साहेब," नेवेना म्हणाली.

मग तिने बटण पुन्हा शून्यावर नेलं आणि हात खिशात घातला. दुखवट्याचे अजून अकरा दिवस बाकी होते.